पगारपत्रक करणारीची नोकरी गेली तेव्हा

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सात वर्षं पगारपत्रक करायचे. कमी केलेल्यांचा शेवटचा हिशेबही मीच काढायचे. गेल्या नोव्हेंबरात त्या यादीत माझंच नाव आलं.

पहिलं काम, घरी त्याच संध्याकाळी सांगून टाका. मी चार दिवस डबा घेऊन निघायचे आणि बागेत बसून पोळी-भाजी खायचे. पाचव्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "पिशवीला कुसळं कशी गं लागली?" मग रडले एकदाची.

आता कागद. रिलीव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा हातात घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. नंतर कुणी फोन उचलत नाही. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरीच्या वर्षांबद्दल कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम, मागा. मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. माझे 18,200 होते, सात वर्षांचे 73,500 झाले. ही रक्कम 30 दिवसांत द्यायची असते. लाजू नका, तो उपकार नाही. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख पडली का बघा. कंपनीने टाकली नसेल तर दोन महिन्यांनी आधारच्या ओटीपीवर आपली आपण टाकता येते. पैसे मात्र लगेच काढायला धावू नका.

कंपनीचा आरोग्य विमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो. घरात बीपी-शुगरवालं माणूस असेल तर आधी ते बघा.

गृहकर्जाचा हप्ता चुकण्याआधी बँकेत जा, बाउन्स झाल्यावर नाही. क्रेडिट कार्डाची नुसती 'किमान रक्कम' भरत बसलात तर उरलेल्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज चढतं. मी सोन्याची एक बांगडी मोडली आणि कार्ड संपवलं. नवरा नको म्हणत होता.

रात्री तीनला जाग यायची. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलतात. मी दोनदा लावला.

आणि लोक विचारणारच. डेअरीवाल्या काकूंचं रोजचं, "आज सुट्टी वाटतं?" एक वाक्य पाठ करून ठेवलं: "नोकरी गेली काकू, हिशेबाचं काम असेल तर सांगा." आठवड्याने त्यांच्याच भाच्याच्या हार्डवेअरच्या दुकानाचं जीएसटीचं काम आलं. महिन्याला चार हजार, शिवाय दुधाची उधारी.