खंडानंतर पुन्हा संशोधनाकडे: फेलोशिपच्या अर्जाआधीची तयारी

आधी आपलं वय आणि शेवटच्या पदवीचं वर्ष कागदावर लिहा. कुठल्या फेलोशिपच्या मागे लागायचं, हे बरंचसं त्यावरच ठरतं. एम.एस्सी. होऊन घरसंसारात किंवा तासिका तत्त्वावर शिकवण्यात आठ-दहा वर्षं गेलेल्या कितीतरी जणी सांगली-मिरजेत आहेत. नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणाऱ्या कनिष्ठ संशोधन फेलोशिपची, वयोमर्यादा बघून त्या पुढचं काही शोधतच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. जेआरएफला महिलांसाठीची सवलत धरून पस्तिशीपर्यंतच संधी असते, हे खरं. पण केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या वाईज-किरण योजनेतली वाईज-पीएचडी 27 ते 45 वर्षांच्या महिलांसाठी आहे, आणि पीएच.डी. झालेल्यांसाठीच्या वाईज-पीडीएफची मर्यादा थेट 60 पर्यंत जाते. प्रयोगशाळेतलं काम नको, पण विज्ञानही सुटायला नको, असं असेल तर त्याच योजनेतलं पेटंटविषयक प्रशिक्षण बघा.

राज्याच्या बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी) आणि महाज्योती (ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी) या संस्थांच्या फेलोशिपही आहेत. त्यांना पीएच.डी.ची नोंदणी लागते, म्हणून विद्यापीठाच्या प्रवेशाचं वेळापत्रक आधी पाहा. जातवैधता आणि नॉन-क्रिमिलेअरचे कागद जाहिरात येण्याआधीच हातात असू द्या.

सगळ्यात जास्त वेळ मार्गदर्शक शोधण्याला द्या. चांगला मार्गदर्शक मिळाला की अर्ज निम्मा झाला, असं मी मानते. ज्यांच्याकडे जायचं त्यांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचून जा आणि सोबत एक पानाचा प्रस्ताव न्या. जागा रिकामी आहे का, हे मोकळेपणाने विचारा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी पीएच.डी.चे आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. त्यांच्याकडे सध्या काम करणाऱ्या मुलामुलींशीही बोला. रसायनं वेळेवर येतात का, उपकरण बंद पडलं तर किती दिवस थांबावं लागतं, हे तीच सांगतील.

विषय इथलाच घेतला तर नमुने मिळवणं सोपं जातं, पण नुसतं ‘हळदीवर काम करायचंय’ असं लिहून भागत नाही. नेमका प्रश्न हवा. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद पेवांत, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यांत, साठवत आले आहेत. पेवातल्या आणि शीतगृहातल्या हळदीत वर्षभरानंतर कुरकुमिन (हळदीचा पिवळा घटक) किती उरतं, हा प्रश्न मोजता येतो. त्याला कोणतं उपकरण लागेल, किती नमुने लागतील, खर्च किती येईल, हे सगळं त्यातून आपोआप उलगडत जातं. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात हळदीवर काम चालतं. तिथे एकदा जाऊन या. आधीचं काम शोधायला शोधगंगा या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले प्रबंध घरूनही वाचता येतात. महागड्या नियतकालिकांसाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय गाठा. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेमुळे 2025 पासून सरकारी विद्यापीठांत हजारो नियतकालिकं खुली झाली आहेत.

आता कागद. पदवीवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, ही अडचण जवळजवळ प्रत्येकीला येते. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा आणि लागलीच तर राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्या. त्याला वेळ जातो. संस्थेच्या संमतिपत्रावर प्राचार्यांची किंवा कुलसचिवांची सही लागते. परीक्षांच्या दिवसांत ती लवकर मिळत नाही, तेव्हा मसुदा लवकर पाठवा.

खंडाची वर्षं बायोडेटात झाकू नका. कोणत्या वर्षी थांबलात, का थांबलात आणि त्या काळात काय शिकवलंत किंवा शिकलात, हे दोन-तीन वाक्यांत सरळ लिहा. तुमच्यासारख्यांसाठीच या योजना काढल्या आहेत, तिथे माफी मागण्याचं काहीच कारण नाही.

अर्ज गेल्यावर निकालाला महिने लागू शकतात. तेवढ्या काळात मार्गदर्शकांची परवानगी घेऊन आठवड्यातून एखादा दिवस प्रयोगशाळेत जा. द्रावणं करा, माहीत असलेल्या प्रमाणांवरून मोजमापाची प्रमाणरेषा काढा, एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर) हात पुन्हा बसू द्या. मुलाखतीत पद्धतीवर प्रश्न आले की ताजं काम सांगता येईल.