अंदमानची दोन हॉक-आउल: या चुका टाळा

हॉक-आउल हा घुबडांचाच एक गट; इथे बोलायचंय त्यातल्या अंदमान आणि ह्यूम्स या दोन जातींबद्दल. दर हिवाळ्यात फोटो येतात. झाडावर काळपट गोळा, त्यात दोन पिवळे डोळे, खाली प्रश्न: "अंदमान हॉक-आउल की ह्यूम्स?" डोळे दोघांचेही पिवळेच असतात हो. डोक्यावर पिसांची शिंगं दोघांनाही नसतात. शिंगं दिसली तर ते तिसरंच घुबड, स्कॉप्स.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाठ बघून निकाल देणं. ही मी स्वतः केलीय. पहिल्या खेपेला अंदमानातल्या चिडिया टापूच्या रस्त्यावर पक्षी पाठमोरा बसला होता. टॉर्चच्या पिवळ्या उजेडात पाठ चॉकलेटी दिसली आणि आम्ही चौघांनी एका दमात "ह्यूम्स!" म्हणून टाकलं. वहीत नोंद झाली, चहा झाला, एकमेकांच्या पाठी थोपटून झाल्या. रात्री खोलीवर फोटो उजळून पाहिले, तर एकात पक्षी जरासा वळलेला. छाती फिकट, तीवर तांबूस रेघा. म्हणजे अंदमान हॉक-आउल. सकाळी परतीचं विमान. खरं ह्यूम्स दिसायला पुढे चार वर्षं गेली.

तेव्हापासून माझा हट्ट एकच: पोट दिसेपर्यंत नाव घ्यायचं नाही. अंदमान हॉक-आउलच्या छातीपोटावर रेघा असतात. ह्यूम्स वरून-खालून एकसारखं गडद, शेपटीच्या मुळाशी खालच्या बाजूला तेवढं पांढरट. पक्षी वळत नसेल तर आपण झाडाला वळसा घालावा. तेही जमलं नाही, तर वहीत 'हॉक-आउल' एवढंच लिहावं. त्यात कमीपणा नाही, पण यादीचा आकडा वाढवायला आलेल्यांना हे पटत नाही.

आकारावर जाऊ नका. ह्यूम्स थोडं मोठं असतं, पण अंधारात दोन-चार सेंटीमीटर कोण मोजणार?

आवाज मात्र कामाचा. ह्यूम्स 'ऊ-उक, ऊ-उक' असं दोन सुरांत, एका लयीत बोलतं. कोकण-गोव्यात ब्राउन हॉक-आउल ऐकलेल्यांना ते ओळखीचं वाटेल, आणि त्यात नवल नाही: ह्यूम्सला बरीच वर्षं त्याचीच उपजात धरत. अंदमानचा आवाज भसाडा, 'क्रॉ' असा एकेरी. टॉर्च लावण्याआधी मी पाच-दहा मिनिटं नुसता उभा राहतो आणि ऐकलं ते आपल्या अक्षरांत लिहून ठेवतो. याउलट नवशिके गाडीतून उतरले की पक्ष्याला बोलवायला स्पीकरवर त्याचाच रेकॉर्ड केलेला आवाज लावतात. एकदा आम्ही अर्धा तास एका ह्यूम्सच्या मागे होतो. वळणापलीकडे ते सापडलं: दुसऱ्या गटाच्या हातात, ब्लूटूथवर चाललेलं. पक्ष्याला त्रास होतो तो वेगळाच.

जुन्या पुस्तकात ह्यूम्सचं वेगळं पान नसेल तर गोंधळू नका. कारण वर आलंच आहे. आणि 'बूबुक' म्हणजेच हॉक-आउल. दोन्ही नावं वेगळी धरून यादीत चार जाती मोजणारे मी पाहिलेत. ह्यूम म्हणजे काँग्रेसवाले अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूमच; 1885 मध्ये काँग्रेस स्थापन होण्याआधी ते गृहस्थ पक्ष्यांतच बुडालेले असत.

शेवटचं, वेळेचं. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. पुण्यासारखं सहा वाजता निघालात, तर पोचेपर्यंत मिट्ट काळोख झालेला असतो, आणि मग पुन्हा तोच काळपट गोळा.