घरच्या सिनेमा-फोटोंसाठी कॉम्प्युटर की टॅबलेट? या चुका टाळा

फोटो आणि सिनेमे घरभर कुठेही पाहता यावेत म्हणून यंत्र घ्यायचं ठरलं की सगळे आधी प्रोसेसर आणि रॅम विचारतात. घोडं अडतं ते बहुधा दुसरीकडेच.

टॅबलेटलाच कोठार करू नका. बघायला तो उत्तम, पण स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप्स थांबवतो आणि टीव्हीवरचा सिनेमा मध्येच बंद पडतो. फायली जुन्या डेस्कटॉपवर किंवा नासवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) ठेवा. जुना लॅपटॉपही चालेल. मात्र कायम चार्जरवर राहिला तर बॅटरी फुगू शकते, तिच्यावर नजर असू द्या.

व्हिडिओ अडखळला की शिव्या इंटरनेटला पडतात. फाइल घरातलीच असेल तर त्याचा काय संबंध? वेग ठरतो राउटर, केबल आणि पोर्टवर. वाटेत एक जरी १०० एमबीपीएसचं (सेकंदाला १०० मेगाबिटचं; आठ बिट म्हणजे एक बाइट) पोर्ट असलं तर सेकंदाला जेमतेम १२ मेगाबाइट (एमबी) मिळतात. गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्टवर ११०च्या आसपास. ४के ब्लू-रेच्या मूळ फाइलचा बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) काही प्रसंगांत १०० एमबीपीएसच्या वर जातो, आणि कित्येक टीव्हींचं लॅन (नेटवर्क केबलचं) पोर्ट अजून १००चंच असतं. अशा टीव्हीला केबलपेक्षा ५ गिगाहर्ट्झचं वायफाय बरं पडतं, विचित्र वाटलं तरी. सगळी पोर्टं गिगाबिट असूनही वेग १००वरच अडला असेल तर आधी केबल बदला. गिगाबिटला आठही तारा लागतात. एखादी तुटली की जोडणी मुकाट्याने १००वर उतरते.

सर्व्हरचा, म्हणजे फायली ठेवलेल्या यंत्राचा, प्रोसेसर सिनेमा चालू असताना सतत १०० टक्क्यांवर दिसतोय? बहुधा टीव्हीला फाइलचा कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) झेपत नाही, म्हणून सर्व्हर ती चालता चालता बदलतोय. एचईव्हीसी (४के सिनेमांत नेहमी दिसणारा कोडेक) थेट चालवणारा प्लेअर घेतला तर साधा कॉम्प्युटरही पुरतो. माझ्या मते पैसे इथेच घालावेत.

डिस्कवर जागा असूनही मोठी फाइल कॉपी होत नसेल तर डिस्कची मांडणी (फॉरमॅट) बहुधा फॅट३२ या जुन्या पद्धतीची असणार. तिथे एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. डिस्क एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करा, अर्थात आतलं सगळं दुसरीकडे हलवून मगच.

दोन डिस्कची मिरर रेड (दोन्हींवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिणारी जोडणी) लावली म्हणून बॅकअप झाला, असं समजू नका. एक डिस्क बिघडली तर ती वाचवते. चुकून पुसलेले फोटो मात्र त्याच क्षणी दोन्हीकडून जातात. त्यासाठी वेगळी डिस्क हवी, आणि कॉपी झाली की ती काढून ठेवायची.