गच्चीवरच्या भाजीची तयारी : विटा आधी, माती नंतर

मृग लागायच्या आत, म्हणजे मे महिन्यातच हे उरकायचं. पाऊस सुरू झाल्यावर ओली माती गच्चीवर चढवणं ही निव्वळ हमाली आहे, आणि लिफ्टमध्ये चिखल सांडला म्हणून सोसायटीत ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच.

पहिल्यांदा विटा. बी नंतर, माती नंतर, कुंड्यासुद्धा नंतर. प्रत्येक कुंडीखाली, प्रत्येक ग्रोबॅगखाली (रोपं लावायची जाड पिशवी) दोन विटा समांतर, मधे चार बोटं फट, आणि बुडाचं भोक बरोबर त्या फटीवर. कुंडीला भोकं हवीत हे सगळे सांगतात. तीच भोकं फरशीवर टेकली की बुजतात हे कुणी सांगत नाही, आणि गेल्या जुलैत माझी मिरची-टोमॅटो त्यातच गेली. खाली गाळ बसतो, पाणी तुंबतं, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. वरून मात्र रोप सुकल्यासारखं दिसतं, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. माती ओली असताना रोप मान टाकत असेल तर झारी हातातून ठेवा आणि कुंडीखाली बघा.

फटीचं तोंड गच्चीच्या उताराकडे हवं, म्हणजे निघालेलं पाणी थेट पन्हळीकडे जातं. गोल कुंडीला अर्ध्या विटांचे तीन तुकडे पुरतात, डुगडुगत नाही. बांधकाम संपलेल्या साइटवर उरलेल्या विटा मागितल्या तर बहुतेक वेळा मिळतात. कुंडीखाली बशी ठेवायचा विचार असेल तर पावसाळ्यापुरता सोडा. बशी म्हणजे तुंबलेलं पाणी, आणि वर डास. विटांचा आणखी एक फायदा : कोब्याला भेग असेल तर मुळं भोकातून तिथे शिरत नाहीत. खालच्या मजल्यावर ओल आली की संबंध बिघडतात, म्हणून भेगा आधी बुजवून घ्या.

आता भांडी. मेथी, पालक, कोथिंबिरीला सहा इंच खोली पुरते. मिरचीला दहा-बारा, टोमॅटो-वांग्याला किमान 20 लिटरची बादली किंवा 15 इंची ग्रोबॅग, दुधी-दोडक्याला त्याच्या दुप्पट. रंगाच्या रिकाम्या बादल्या चांगल्या, नीट धुवून. तेलाचे पत्र्याचे डबे उन्हात तापतात आणि गंजतात. नाशिककरांना सगळ्यात सोयीचं टोमॅटोचं कॅरेट : कड फुटलेलं स्वस्तात मिळतं, आतून दुहेरी शेडनेट किंवा गोणपाट लावलं की पालेभाजीचा वाफा तयार. कॅरेटला चहूबाजूंनी भोकं आहेत म्हणून विटा नकोत असं मनात येईल. हव्यात. गोणपाट ओलं होऊन फरशीला चिकटतं.

वजनाकडे दुर्लक्ष नको. ओल्या काळ्या मातीची 20 लिटरची बादली तीस किलोच्या पुढे जाते. सगळ्या बादल्या स्लॅबच्या मधोमध न मांडता कठड्यालगत, खाली भिंत किंवा बीम असेल तिथे ठेवा. आणि जागा ठरवा ती ऊन बघून : फळभाजीला रोज सहा तास तरी ऊन, पालेभाजीला तीन-चार तासांत भागतं. पाण्याची टाकी, शेजारची इमारत यांची सावली सकाळ-संध्याकाळ कुठे पडते ते आधी पाहा. हे आधी, कारण भरलेली कुंडी हलत नाही. म्हणूनच विटाही आधी! भरल्यावर दोन माणसं लावून बादली उचलायची आणि तिसऱ्याने खाली वीट सारायची, हा उद्योग कंबरेला परवडत नाही.

माती. आपल्याकडची काळी माती शेतात सोनं असेल, बादलीत एकटी नको. ओली झाली की चिकट गोळा, वाळली की कडांपासून सुटते आणि पाणी बाजूने निघून जातं. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कोकोपीटची 5 किलोची वीट (ही वीट कुंडीखाली ठेवू नका) भिजून साठ-सत्तर लिटर होते. पहिलं पाणी फेकून द्या, त्यात क्षार असतात. प्रत्येक बादलीत मूठभर निंबोळी पेंड. शेणखत ताजं असेल तर हात लावू नका, उष्णतेने मुळं जळतात आणि मुळं खाणारी हुमणी अळीही येते. वरून दोन इंच जागा मोकळी ठेवा, नाहीतर पाणी घालताच माती बाहेर.

बी-रोपं. पावसाळ्याला भेंडी, गवार, वांगी, मिरची आणि वेल. पालेभाजीचा हट्ट जुलै-ऑगस्टमध्ये करू नका, झोडपून जाते. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, वाटाणा दसऱ्यानंतर. धने रगडून दोन फाका करून पेरा. टोमॅटो-मिरचीची तयार रोपं घ्यायची तर दिंडोरी-निफाडकडे शेतकऱ्यांसाठी ट्रेमध्ये रोपं वाढवणाऱ्या रोपवाटिका भरपूर आहेत, पण शंभराच्या आसपास रोपांचा अख्खा ट्रे गळ्यात पडू देऊ नका. मित्रांत वाटून घ्या.

पाऊस लागला की नाशिकच्या पश्चिमेला, गंगापूर रोड-सातपूरकडे, जोर जास्त असतो. गोदावरीचा पूर ज्याच्यावरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं ते बघायला गाव गोदाघाटावर जातं. तुम्ही तेव्हा गच्चीवर जा, वाकून विटांमधली फट मोकळी आहे ना ते बघा, पाला-माती अडकली असेल तर काडीने काढा, पन्हळीची जाळी साफ करा. मग खुशाल घाटावर जा.

कीड. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण येणारच. निंबोळी तेल लिटरला 5 मिली, दोन थेंब साबण, फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालून. मिरचीला चुरडा-मुरडा (पानं आखडून वळण्याचा रोग) झाला तर जास्त वाकडी झालेली रोपं उपटून टाका, बाकीची वाचतील. नाशकात प्रत्येकाचा एक मामा द्राक्ष बागायतदार असतो आणि तो उरलेलं औषध देऊ करतो. प्रेमाने नाही म्हणा. ते माप एकराचं, आणि तुम्ही परवा तीच मेथी खुडणार.

बाकी पटापट. आधार काठ्या रोप लहान असतानाच, मागाहून मुळं तुटतात. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, मधमाशी नसेल तर नराचं फूल मादीवर टेकवा. टोमॅटोचं बूड काळं पडलं तर पाणी कधी भरपूर कधी काहीच नाही असं झालंय. महिन्यातून दोनदा खत. भेंडी दिवसाआड काढा. थंडीत पारा दहाच्या खाली गेला की पाणी कमी, तेही सकाळी. मार्चनंतर शेडनेट, कठड्याला तारेने बांधून. गावाला जायचं तर किल्ली शेजारी. आणि नवीन कुंडी मधेच आणलीत तरी तिच्यासाठी दोन विटा राखून ठेवलेल्या असू द्या.