नळ आठवड्यानं येणाऱ्या घरात गोल्डफिश

गोल्डफिश हा रोहू-कटल्याच्या कुळातला मासा. दुकानात बोटाएवढा दिसतो, म्हणून लोक काचेचा गोल वाडगा घेऊन जातात आणि थोड्याच दिवसांत "काकू, आमचा मासा नुसता वर येऊन तोंड उघडायलाय बघा" म्हणत दारात येतात. लांबट अंगाचा, एका शेपटीचा कॉमेट जागा मिळाली तर फूटभर वाढतो. गोल पोटाचे, दुहेरी शेपटीचे ओरांडा किंवा ब्लॅक मूर वीतभर होतात. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. वाडगा घेतलाच असेल तर त्यात शिंपले घालून शोकेसमध्ये ठेवा.

दोन ओरांडा ठेवायचे तर तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकी घ्या. तिन्ही मापं इंचात घेऊन गुणायची आणि 61 नं भागायचं, की लिटर निघतात. 36 गुणिले 12 गुणिले 15 भागिले 61, म्हणजे 106. वर दोन इंच सोडले की नव्वद लिटर धरा. नव्वद लिटर म्हणजे नव्वद किलो, काचेचं वजन वेगळं. तेव्हा टीव्हीचं प्लायवूडचं टेबल नको. लोखंडी स्टँड, त्यावर सपाट फळी, फळीवर थर्माकोल. आम्ही बेळगावातल्या वडगावचे, आमच्या मागच्या खोलीत यंत्रमाग चालतात. मागाची धडधड जमिनीतून येते आणि माशाला ती अंगाच्या बाजूच्या रेषेतून कळते, म्हणून आमची टाकी पुढच्या सोप्यात आहे. थेट उन्हाची खिडकीही टाळा, नाहीतर काच शेवाळानं हिरवी होते.

दुकानदार हीटर गळ्यात मारायला बघेल. हा थंड पाण्याचा मासा आहे, 18 ते 24 अंशांत खूश असतो. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर उगीच म्हणत नाहीत. हीटरचे पैसे मोठ्या फिल्टरला घाला.

आता पाणी. सगळं इथंच अडतं. शहराला राकसकोपचं आणि हिडकलचं पाणी येतं, पण बऱ्याच गल्ल्यांत ते रोज येत नाही. "नीरु बंतु!" (पाणी आलं!) अशी कानडी हाक आली की घागरी, बॅरल, बादल्या, सगळं भरून ठेवायचं. माणसांना हा वैताग, माशाला मात्र बरं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं, आणि उघड्या बॅरलमध्ये दिवसभर राहिलं की ते उडून जातं. घट्ट झाकण लावलं तर ते आतच कोंडून राहतं. म्हणून आमच्या बॅरलच्या तोंडावर जुन्या सुती साडीचं कापड ताणून बांधलेलं असतं. क्लोरीन जातं आणि डासांना अंडी घालता येत नाहीत. अगदीच घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात. बहुतेकांत सोडियम थायोसल्फेट असतं, फोटो स्टुडिओवाल्यांचा हायपो तो हाच.

जुन्या घरांत विहीर असते, तिचं पाणी चालतं. पण पावसाळ्यात विहिरीत टीसीएल म्हणजे क्लोरीनची पावडर टाकली की निदान तो आठवडा तिचं पाणी टाकीत घालू नका. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी लगेच ओतायचं नाही, त्यात विरघळलेली हवा कमी असते. रात्रभर ठेवा आणि या बादलीतून त्या बादलीत चार-पाच वेळा ओता. बोअरचं पाणी जड असलं तरी गोल्डफिशची तक्रार नसते.

टाकी भरली आणि त्याच संध्याकाळी चार मासे सोडले, इथंच बहुतेकांचं बिनसतं. या माशाला जठर नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यातून पुढं जातं, त्यामुळं तो दिवसभर खायला बघतो आणि दिवसभर घाण करतो. शिवाय कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. फिल्टरच्या स्पंजात जिवाणूंची वस्ती झाली की ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन विषारी, तिसरं थोडं असलं तर खपतं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. लवकर व्हावं असं वाटत असेल तर ज्याची टाकी जुनी आणि निरोगी आहे त्याच्याकडून मळक्या स्पंजाचा तुकडा मागून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये घाला. विरजणच ते. तोवर एकच मासा, खाणं बेताचं, आणि दोन-तीन दिवसांनी पाव टाकी पाणी बदलायचं. अमोनिया तपासायचं थेंबाचं किट मिळतं, त्यात शून्य दिसेपर्यंत दुसरा मासा आणू नका.

पुढं आठवड्याला एकदा पाणी बदलायचं. नळाच्या आदल्या दिवशी करा, म्हणजे मुरलेलं बॅरल रिकामं होतं आणि दुसऱ्या दिवशी ताजं भरता येतं. स्विच बंद करून नळीचं एक टोक तळाशी धरा, दुसरं बादलीत. तिसरा हिस्सा काढायचा, आमच्या टाकीच्या मानानं दोन बादल्या. पहिल्या बादलीतच फिल्टरचा स्पंज बुडवून दाबायचा. काळपट चॉकलेटी पाणी भसकन निघतं, वास ओल्या मातीचा येतो. एकदा दाबा, दोनदा दाबा, मग सोडा. स्पंज मळकटच राहायला हवा. नळाखाली धरून पांढरा केलात तर क्लोरीननं जिवाणू मरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नवं पाणी घालण्याआधी एक हात टाकीत, एक हात बादलीत घाला. गार-गरम फरक कळला तर थांबा. काढलेलं पाणी अबोलीला आणि कढीपत्त्याला घालते, झाडं तरारतात.

खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. बुडणारे दाणे घ्या. तरंगणारे असतील तर आधी वाटीत भिजवा, कारण वर येऊन हवा गिळली की गोल पोटाचा मासा कलंडून पोहायला लागतो. पोट टम्म दिसलं तर एक दिवस उपास, दुसऱ्या दिवशी उकडलेला मटार साल काढून बारीक करून द्या. चपाती, चुरमुरे, बिस्किट नको. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं की मी खाण्याची डबी कपाटात कुलपात ठेवते. पोरांना कुंदा द्या, माशांना नको.

पावसाळ्यात करंट गेला की फिल्टर बंद पडतो. अशा वेळी खाणं द्यायचं नाही. मगानं पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत टाकीत ओतत राहायचं, अधूनमधून दहा-दहा मिनिटं. बॅटरीचा एअर पंप घेऊन ठेवलात तर उत्तम. चार-पाच तासांनी करंट आला तर फिल्टर चालू करण्याआधी स्पंज टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या, आत घाण कुजलेली असते.

आणि डासांची कॉइल! एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. कॉइलमधली आणि झुरळांच्या स्प्रेमधली औषधं माणसाला सोसतात, माशाला फार घातक. टाकीच्या खोलीत मच्छरदाणीच लावा.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तर साधं खडेमीठ: लिटरला एक ग्रॅम, मगात विरघळवून, बारा तासांच्या अंतरानं तीनदा. मीठ उडून जात नाही, पाणी बदलाल तसं कमी होतं. हे पाणी झाडांना घालू नका.

मासा कोल्हापूरहून आणणार असाल तर पिशवी फुगवून घट्ट बांधून घ्या आणि वाटेत कुणाला दाखवायला उघडू नका. घरी पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग मासा हातजाळीनं उचलून सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत. घरात आधीचे मासे असतील तर नव्याला दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवा.

कधी नकोसा झालाच तर गल्लीत विचारा, दुकानात परत द्या. कपिलेश्वरच्या तळ्यात किंवा मार्कंडेय नदीत सोडू नका, हा मासा तळ ढवळून पाणी गढूळ करतो आणि दुसऱ्यांची अंडी खातो. विहिरीतल्या डासांसाठी पाहिजे म्हणत असाल तर त्या कामाला गप्पी मासे असतात, आरोग्य केंद्रात विचारून बघा.