केटी लागली, आता पॉइंटरचं काय?

निकाल ऑनलाइन पडला की तासाभरात आमच्या खिडकीवर गर्दी होते आणि प्रश्न ठरलेला असतो: "सर, केटी लागलीय, पॉइंटर किती खाली येणार?" केटी म्हणजे नापास झालेला, पुन्हा द्यायचा विषय आणि पॉइंटर म्हणजे ग्रेडच्या पॉइंटची सरासरी. मी पुण्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या परीक्षा विभागात बसतो. हा हिशोब पाठकोऱ्या कागदांवर इतक्यांना मांडून दिलाय की आता एकदाच नीट लिहून ठेवतो. बीकॉम-बीएस्सीवाल्यांनाही रीत हीच, क्रेडिटचे (म्हणजे विषयाच्या वजनाचे) आकडे तेवढे आपले घाला.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दहाच्या श्रेणीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य. पेपरला गेलाच नाहीत तरी शून्यच. प्रत्येक विषयाचे पॉइंट गुणिले त्याची क्रेडिट्स, सगळ्याची बेरीज, भागिले सेमची एकूण क्रेडिट्स. झाला एसजीपीए, म्हणजे त्या एका सेमिस्टरचा पॉइंटर.

समजा तिसरं सेम २० क्रेडिट्सचं आहे. गणित ४ क्रेडिट्सचं, त्यात एफ. डेटा स्ट्रक्चर्स ४, ए मिळाला: ३२. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स ३, बी प्लस: २१. ओओपी ३, तिथेही बी प्लस: २१. डिस्क्रीट ३, बी: १८. लॅब मिळून ३, ए प्लस: २७ (लॅबला सगळेच हुशार असतात). बेरीज ११९, भागिले २०, म्हणजे ५.९५. गणित गेलं तरी त्याची ४ क्रेडिट्स खाली भागाकारात राहतात, म्हणून हा आकडा इतका भीषण दिसतो. बऱ्याच मार्कशीटवर तर तो छापतही नाहीत, एसजीपीएच्या जागी नुसत्या आडव्या रेघा असतात. त्या रेघा बघून पोरं जास्त घाबरतात.

आता हेच गणित पुढच्या परीक्षेत काठावर सुटलं, पी मिळाला, तर १६ पॉइंट वाढून बेरीज १३५ आणि एसजीपीए ६.७५. सी आला तर ६.९५, बी आला तर ७.१५. म्हणजे नेहमीच्या विद्यापीठ पद्धतीत शून्य कायम चिकटून राहत नाही, नवी ग्रेड त्याच्या जागी बसते. काही स्वायत्त कॉलेजांत मात्र री-एक्झामला एक ग्रेड खाली देतात किंवा वरची मर्यादा घालतात. तुमचं कॉलेज ऑटोनॉमस असेल तर नियमावलीतलं ते पान आधी वाचा, सीनियरने काय सांगितलं त्यावर जाऊ नका.

खरी गंमत पुढे आहे. चार वर्षांची डिग्री १६० क्रेडिट्सची धरू. पहिल्या फटक्यात गणिताला बी प्लस मिळाला असता तर २८ पॉइंट झाले असते, केटीतून पी घेऊन १६ झाले. फरक १२ पॉइंटचा. भागिले १६०, म्हणजे ०.०७५. एवढंच. पूर्ण डिग्रीच्या सीजीपीएवर, म्हणजे सगळ्या सेमच्या मिळून पॉइंटरवर, एका केटीचा थेट फटका पाव पॉइंटही नाही.

मग पॉइंटर पडतो कशाने? पुढच्या सेमने. नव्या विषयांच्या पेपरांमध्येच केटीचा पेपर येतो, चौथ्या सेमचा अभ्यास बाजूला ठेवून पोरगं महिनाभर तिसऱ्याच्या गणितात अडकतं. त्यात १६ क्रेडिट्सच्या विषयांना एकेक ग्रेड जरी घसरली तरी १६ भागिले १६०, सरळ ०.१०. केटीपेक्षा जास्त! दोन-दोन ग्रेड घसरल्या तर ०.२०. म्हणून केटीचा अभ्यास सेम सुरू होतानाच, सबमिशनची गडबड सुरू व्हायच्या आत उरकायचा. परीक्षेआधीच्या सुट्टीवर, म्हणजे पीएलवर, टाकायचा नाही. पीएल नव्या विषयांची.

अभ्यासाला बसण्याआधी नेमके कशात गेलात ते बघा. थिअरी, टर्मवर्क, ओरल ही पासिंगची वेगवेगळी खाती असतात, आणि जे गेलं तेवढंच पुन्हा द्यायचं असतं. इन-सेम (सेमच्या मधली परीक्षा) ३० आणि एंड-सेम (शेवटची) ७० अशी विभागणी असेल तर इन-सेमचे मार्क बहुतेक ठिकाणी आहेत तसेच पुढे धरतात. इन-सेमला ९ असतील आणि नुसतं पास न होता बेरीज ६० करायची म्हटली तर एंड-सेममध्ये ७० पैकी ५१ काढावे लागतात. "या वेळी फाडतोच" म्हणण्याआधी हा आकडा पाहून घ्या.

दोन-चार मार्कांनी गेला असाल तर उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. आधी बेरीज तपासा, एखादं उत्तर न तपासता राहिलंय का ते पाहा, मग विषयाच्या सरांना दाखवा आणि ते हो म्हणाले तरच रिव्हॅल्युएशनला (पुनर्मूल्यांकनाला) टाका. मुदत थोडी असते. आणि रिव्हॅल टाकलंय म्हणून परीक्षेचा फॉर्म भरायचा थांबू नका. रिव्हॅलचा निकाल बरेचदा फॉर्मची तारीख उलटून गेल्यावर येतो, मग लेट फी नाहीतर सुपर लेट फी. दरवर्षी कोणी ना कोणी यात सापडतंच, आणि मग ओरडा खिडकीतल्या माणसाला.

केटी एकाहून जास्त असतील तर क्रम जुन्याकडून नव्याकडे. इंजिनिअरिंगला सहसा असं असतं की सेकंड इयरला जायला फर्स्ट इयरची निम्मी क्रेडिट्स चालतात, पण थर्ड इयरला जायला फर्स्ट इयर पूर्ण सुटलेलं लागतं. पहिल्या वर्षाचा एक मेकॅनिक्स लोंबकळत ठेवून चौथ्या सेमचे सगळे विषय काढलेत, तरी वायडी, म्हणजे इयर डाउन, वर्ष वाया. ते अख्खं वर्ष पॉइंटरच्या कुठल्याच सूत्रात दिसत नाही.

प्लेसमेंटचं थोडक्यात. कंपन्या दोन गोष्टी बघतात: कट-ऑफ, आणि लाइव्ह बॅकलॉग, म्हणजे अजून न सुटलेली केटी, आहे का. कट-ऑफ ६० टक्के असला तर एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) तक्त्यात त्याला ६.७५ लागतो, पण तुमच्या विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र वेगळं असू शकतं. ते बरेचदा मार्कशीटच्या मागे असतं, तेच वापरा. अगदी काठावर असाल तर वरचे ०.०७५ सुद्धा महाग पडतात. फॉर्मवर लाइव्ह आणि सुटलेल्या केटीचे रकाने वेगळे असतील तर दोन्ही खरे भरा, कागदपत्रं तपासताना सगळं निघतं.

आणि केटीचं मार्कशीट रागाने फाडू नका. जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस (इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासणारा जर्मन विभाग) प्रमाणपत्राशिवाय सहसा व्हिसा मिळत नाही, आणि तिथे नापासाच्या सेमसकट सगळी मार्कशीटं लागतात. डुप्लिकेटसाठी अर्ज, चलन, विद्यापीठाच्या फेऱ्या हे सगळं करण्यापेक्षा एक फाइल करा आणि प्रत्येक प्रयत्नाचं मार्कशीट लॅमिनेशन न करता त्यात ठेवा.