टोळ्या निघण्याआधी: ऊसतोडीच्या गावात बाल संरक्षण समिती चालवायची कशी

बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर बहुतेक गावांत असते: सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव, शिवाय पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशा वगैरे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर फलकही असतो. पण फलकामुळे कुठलं मूल सुरक्षित होत नाही. समितीचं खरं काम एका वहीत असतं, आणि ती वही टोळ्या निघायच्या आधी भरावी लागते.

वही साधी दोनशेपानी चालते. मुलाचं नाव, वय, इयत्ता. आईवडील कुठल्या कारखान्याला गेले. मुकादमाचा, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराचा, मोबाइल नंबर. मूल कुणाजवळ ठेवलं. त्या घरात आणखी कोण राहतं. आणि शेवटचा रकाना: मूल रात्री झोपतं कुठं. हा शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि नेमकं तिथंच सगळं कळतं. ‘आजीजवळ’ एवढंच लिहिलं तर निर्धास्त वाटतं. पण आजीला मोतीबिंदू, घर एका खोलीचं, तेरा वर्षांची नात बाहेरच्या पत्र्याच्या छपरात दोन भावांना घेऊन झोपते, आणि छपराला कडी नाही, हे लिहिलं की करायचं काय तेही समोर येतं. कडी बसवायला शंभर-दोनशे रुपये लागतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो शिलाई मशीन वाटण्यातच संपला पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही.

मुकादम उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) वाटायला लागला की यादीचं काम सुरू करा. आशा आणि अंगणवाडी सेविका घरोघर जातातच, त्यांच्या फेरीतच ही माहिती मिळते. त्यासाठी वेगळं सर्वेक्षण काढलं की लोक सावध होतात. यादी झाली की तिची एक प्रत मुख्याध्यापकांकडे. मागे राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीकडून जातो. मुलांची नावं उशिरा गेली तर मंजुरी येईपर्यंत निम्मा हंगाम सरतो आणि तोवर मुलं फडावर गेलेली असतात. जी मुलं आईवडिलांबरोबर जाणारच आहेत, त्यांच्या हातात शाळेकडून शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवताना अडवणूक होत नाही.

हंगामात दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी एक चक्कर. ‘पोरांना मारता का’ असं विचारत आत गेलात तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही. रेशन मिळालं का, औषध आहे का, पोरगं शाळेला जातं का, इतपत बोला आणि बाकी डोळ्यांनी पाहा. एकाएकी गैरहजेरी, घरी जायला टाळाटाळ, एका ठरावीक माणसाचं नाव निघाल्यावर गप्प होणं, कुणी दिला ते न सांगता हातात आलेला मोबाइल, पुन्हा सुरू झालेलं अंथरूण ओलं करणं. यातल्या एका खुणेवरून निष्कर्ष काढू नये, पण वहीत तारखेसह नोंद करावी. तिसऱ्या नोंदीला चित्र दिसू लागतं.

थकलेली आजी चिडून हात उगारते, तेव्हा गुन्हेगार शोधण्याआधी तिचा भार हलका करता येतो का ते पाहा. आई किंवा वडील वारले असतील, तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. घटस्फोट, दुर्धर आजार अशा कारणांसाठीही अर्ज होतो. मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड, आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक आणि पालकाचा मुलांसोबत घरासमोर काढलेला फोटो असा गठ्ठा जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जातो आणि आदेश जिल्ह्याची बाल कल्याण समिती देते. अर्ज अडतो तो बहुतेकदा क्षुल्लक कारणाने: आधारवरचं नाव एक, शाळेतलं दुसरं. ही दुरुस्ती पालक गावात असतानाच करून घ्या; सही-अंगठ्यासाठी त्यांना साताऱ्याहून बोलावणं कुणाला परवडत नाही.

आता मूल काही सांगतं तेव्हा. बहुतेकदा ते भलत्याच वेळी सांगतं, खिचडी वाढताना किंवा हापशावर. हातातलं काम सोडून त्याच्या शेजारी बसा आणि ऐका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. ‘तुझी चूक नाही, आणि मदत करू शकेल अशा माणसांनाच सांगणार’ एवढं म्हणा. कोणी, कुठं, केव्हा, इतपत कळलं की थांबा. मूल ज्या शब्दांत बोललं ते शब्द तसेच उतरवा, सभ्य करू नका. तेच पुन्हा सरपंचांपुढे, मग पाटलांपुढे वदवून घेणं ही सर्रास होणारी चूक आहे. पाचव्यांदा सांगताना मूल थकतं, तपशील हलतात, आणि पुढे कोर्टात त्याच फरकावर बोट ठेवलं जातं.

लैंगिक अत्याचाराचा नुसता अंदेशा असला तरी २०१२च्या पोक्सो कायद्याच्या (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा) कलम १९ प्रमाणे पोलीस ठाण्यात किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी खात्री करू’ याला कायद्यात जागा नाही. शहानिशा करणं पोलिसांचं काम. सरपंचांच्या कानावर घातलं म्हणजे कळवलं असं होत नाही. न कळवणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर १ वर्षापर्यंत. सद्‌भावनेने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ रात्रंदिवस आणि मोफत चालतो. फोनवर गाव, तालुका, मुलाचं वय, ते आत्ता कुठं आहे आणि आज रात्री त्याला धोका आहे का, हे क्रमाने सांगा. फोनची वेळ वहीत लिहा.

त्याच दिवशी घटना घडली असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये दमट राहून पुरावा खराब होतो. ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठलं तर गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळायची औषधं देता येतात. ‘आधी एफआयआर आणा’ असं डॉक्टर म्हणू शकत नाहीत. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, आईवडील किंवा तिच्या विश्वासाचं माणूस जवळ असताना. जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल तिथं, पोलिसांनी गणवेश न घालता, शक्यतो फौजदार किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. त्याच बाल कल्याण समितीकडे मुलासाठी साहाय्यक व्यक्ती मागा, ती खटला संपेपर्यंत सोबत असते. पीडितांसाठीच्या मनोधैर्य योजनेच्या अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं लागतं.

गावात सगळ्यात जास्त नुकसान करते ती मिटवामिटवी. दोन्हीकडची माणसं देवळात बसवून ‘मुलीच्या भविष्यासाठी’ प्रकरण गुंडाळायचं, किंवा त्याच माणसाशी लग्न लावून द्यायचं. पोक्सोचा गुन्हा पंचांसमोर मिटत नाही, आणि मिटवणारेही अडचणीत येतात ते वेगळंच. आरोप सरपंचांच्या भाऊबंदावर असेल तर सदस्य सचिवाने समितीची वाट न पाहता थेट पोलीस आणि जिल्हा बाल संरक्षण अधिकारी गाठावेत. नाव, फोटो, शाळा यांतलं काहीही व्हॉट्सअ‍ॅपवर जाता कामा नये. मुलाची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. बैठकीच्या इतिवृत्तातही नाव नको, ‘प्रकरण ३’ असा क्रमांक पुरे. समितीत मुलांचे प्रतिनिधी असतील तर ते पहिल्या अर्ध्या तासापुरते. प्रकरणांवरची चर्चा ते गेल्यावर.

बालविवाहाचं मूळही याच वहीत सापडतं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. लग्न झालं की नवा कोयता, नवी उचल. पण आईला विचाराल तर ती दुसरंच सांगते: ‘पोरीला कुणाच्या भरवशावर टाकून जाऊ?’ म्हणून जिथं मुलगी मागे राहायला सुरक्षित जागा नाही, तिथं लग्न ठरणार असं धरून चाला. सुगावा लागला की शाळेतून निर्गम उतारा (शाळेच्या नोंदवहीतला जन्मतारखेसह उतारा) काढा. जन्मतारीख ठरवताना शाळेचा किंवा जन्म-मृत्यू नोंदीचा दाखला चालतो, आधारच्या भरवशावर राहू नका. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवक (कागदावर आता ग्रामपंचायत अधिकारी, गावाच्या तोंडी अजून ग्रामसेवकच). मुलीचं वय १८च्या आत किंवा मुलाचं २१च्या आत असेल तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मिळतो, आणि तो डावलून लावलेलं लग्न कायद्याने शून्य ठरतं. मंडपवाला, आचारी, भटजी, छापखाना यांना तुळशीच्या लग्नाआधीच एकत्र बोलवा. वयाचा दाखला पाहिल्याशिवाय सुपारी घेऊ नका, २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे, असं त्यांना सांगितलं की बातमी समितीपर्यंत त्यांच्याकडूनच येते.

थांबवलेलं लग्न आठवड्याभरात मामाच्या गावी रात्री लागतं, हे गृहीत धरा. पालकांचं हमीपत्र घेतलंत तरी पंधरा दिवस मुलीला रोज कुणीतरी पाहिलं पाहिजे. टोळ्या परतल्या की अक्षय तृतीयेच्या आत वही पुन्हा उघडा, आणि जूनमध्ये शाळा भरली की यादीतलं एकेक नाव पटाशी ताडून घ्या. जे नाव सापडत नाही, त्या घरी त्याच दिवशी जा.